कॅरिअर नसलेला मुराळी

या दिवाळीत मी आमच्या धनजहून केनवडला सायकलने गेलो. धनज, कारंजा, शेलूबाजार, मालेगाव, केनवड. अंतर शंभर किलोमीटरच्या थोडं वर. पुण्यातल्या आमच्या रविवारच्या सायकल ग्रुपमध्ये एवढ्याशा अंतराचं वर्णन लिहायला कुणी बसलं तर लोक हसतील. तरी लिहितोय, कारण हे अंतर कापायला मला एकोणीस वर्षं लागली.

आधी कबुली देऊन टाकतो, म्हणजे पुढचं मोकळेपणानं लिहिता येईल.

केनवडला माझी मोठी बहीण मंदाबाई दिली आहे. तिला मी नुसतं बाई म्हणतो. आमच्याकडे सासरी गेलेली मुलगी दिवाळीला आपली आपण माहेरी येत नाही. तिला न्यायला माहेरचा माणूस जातो. त्याला मुराळी म्हणतात. वडील होते तोवर ते दरवर्षी जायचे. धुतलेली टोपी घालून, बत्ताशांचा पुडा घेऊन, एसटीने. येताना बाईची पिशवी स्वतः उचलायचे. ते गेले, त्या वर्षी मुराळी म्हणून जायची पाळी माझ्यावर आली. मी पुण्याहून धनजला आलो होतो. "उद्या येतो" असा केनवडच्या दुकानदाराकडे फोन केला होता. दुसऱ्या दिवशी जेवलो, अंमळ आडवा झालो आणि झोपलो. जाग आली तेव्हा दुपारची गाडी निघून गेली होती. मग मनाशी म्हटलं, गाड्यांना गर्दी असेल, आता काळ बदललाय, येईल तिची ती. दोन दिवसांनी फोन केला आणि गाड्यांना गर्दी होती असं सांगितलं.

ती आली नाही. नंतरही कधी दिवाळीला आली नाही. भांडण नाही, अबोला नाही. भाऊबीजेला मी गाडीने तासाभरासाठी केनवडला जायचो, ती ओवाळायची, पोटभर जेवू घालायची. पण "चल" असं मी म्हटलं नाही आणि "नेतो का" असं तिनं विचारलं नाही. अशा अठरा भाऊबीजा झाल्या.

तीन वर्षांपूर्वी साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी व्यायाम करायला सांगितलं आणि मी सायकल घेतली. छंद म्हणता म्हणता वेड लागलं. हेल्मेट आलं, हातमोजे आले, बुडाखाली गादी शिवलेली चड्डी आली, सीटवर घालायचं जेलचं कव्हर आलं. एका रविवारी शंभर किलोमीटर पुरे करून घरी आलो, बूट काढत होतो, आणि एकदम लक्षात आलं की हे तर धनज-केनवड झालं. जे अंतर बहिणीसाठी बसमध्ये बसून जायचा मला कंटाळा आला होता, ते आज मी हौसेनं, काही कारण नसताना, घाम गाळत कापलं होतं. पायातला बूट हातातच राहिला.

म्हणून ठरवलं, यंदा मुराळी म्हणून जायचं आणि सायकलने जायचं.

"वन्संना आणायचंय, की तुम्हाला सायकल चालवायचीय?" बायकोनं करंज्या तळता तळता विचारलं.

मला तो प्रश्न तेव्हा खवचट वाटला होता.

धनज ते शेलूबाजार

सकाळी निघालो तेव्हा हवेत गारवा होता. सोयाबीन निघून गेलेलं, रिकाम्या वावरांत कुटाराचे, म्हणजे मळून उरलेल्या भुशाचे ढीग, आणि मधल्या पट्ट्यांत तूर पिवळ्या फुलांवर आलेली. पुण्याच्या रस्त्यांवर मी कायम मागच्या गाडीचा कानोसा घेत सायकल चालवतो. इथं तासभर माझ्या मागे फक्त एक ट्रॅक्टर होता, आणि तोही गाणी वाजवत असल्यामुळे लांबूनच कळत होता. चढ आला की मी गिअर उतरवायचो, उतार आला की सोडून द्यायचो. बावन्नाव्या वर्षी माणसाला हात सोडून ओरडावंसं वाटतं हे कुणाला सांगायला लाज वाटते. इथं सांगतो. मी ओरडलो. एक बगळा उडाला.

पुण्यात सायकलवाल्याला कुणी काही विचारत नाही. फार तर सिग्नलला सायकलची किंमत विचारतात. वऱ्हाडात तसं जमत नाही. कारंज्याच्या अलीकडे पाणी प्यायला थांबलो, तर शेजारच्या वावरात कापूस वेचणाऱ्या तीन बाया ओटीतल्या कापसासकट बांधावर आल्या. त्यातली म्हातारी माझ्याभोवती एक फेरी मारून आली.

"काहो भाऊ, मांगं दुखनं झालं का?"

"नाही हो. चड्डीतच गादी असते. सीट टोचू नये म्हणून."

"मायबाई!" ती दुसरीला म्हणाली. "आपन जल्मभर बैलबंडीच्या फळीवर बसलो व. कोनी गादी देल्ली का?"

"तुले कायले पाह्यजे? तुही अंगचीच हाय," दुसरी म्हणाली, आणि तिघी बांधावर बसून हसल्या. मीही हसलो. निघताना म्हातारीनं माझी बाटली ओढून घेतली, आतलं पाणी ओतून दिलं आणि आपल्या मडक्यातलं भरलं. "ते तापलं असन," म्हणाली.

शेलूबाजारच्या अलीकडे बाभळीच्या काट्यानं मागचं चाक बसलं. पंक्चर काढायचं सगळं सामान माझ्याजवळ होतं. पण ते रस्त्याच्या कडेला मांडून बसलो तेव्हा सात-आठ जण जमले आणि माझ्या प्रत्येक हालचालीवर आपसांत मत देऊ लागले, त्यामुळे जे काम पुण्यात मी पंधरा मिनिटांत करतो त्याला तास लागला. शेवटी हवा भरून झाली तेव्हा सगळ्यांनी माझ्यापेक्षा मोठा सुस्कारा सोडला आणि मला चहाच्या हॉटेलात घेऊन गेले.

हॉटेलवाला जाडजूड होता, गळ्यात मफलर. भजी तळत होता. झाऱ्यावरची भजी निथळत ठेवून त्यानं विचारलं, "कोन गावचे?"

"धनजचा. राहतो पुण्यात."

"अन् चालले कुठी?"

"केनवडला. बहिणीला आणायला. मुराळी म्हणून."

हे मी जरा अभिमानानं सांगितलं. खोटं कशाला बोलू, मला त्यांच्याकडून शाबासकी हवी होती. सायकलवर, या वयात, बहिणीसाठी. हॉटेलवाल्यानं मान वाकवून बाहेर टेकवलेल्या सायकलकडे पाहिलं. पुढून पाहिलं, मागून पाहिलं.

"अन् बहीन बसन कुठी?"

मीही वळून सायकलकडे पाहिलं.

"कॅरिअर तं नाही हो तुमच्या सायकलीले."

"डांडीवर बसवून राह्यले असतीन," बाकावरचा एक जण म्हणाला.

"अठ्ठावन वर्षांची आहे ती," मी म्हणालो.

"मंग डांडी मजबूत पाह्यजे!"

अख्खं हॉटेल हसलं. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं. मिरच्यांसकट भज्यांची दुसरी प्लेट माझ्यापुढं आली. पण माझ्या हातातलं भजं हातातच राहिलं. चार महिने मी या प्रवासाची तयारी करत होतो. किती पाणी लागेल, कुठं थांबायचं, मांडीला काय चोळायचं, सगळं लिहून काढलं होतं. आणि बाईला कसं आणायचं हा विचार मी एकदाही केला नव्हता. मी जायचा विचार केला होता. दमून, घामाघूम होऊन तिच्या दारात उभं राहायचं, तिनं ते पाहायचं, आणि माझ्या मनावरचं ओझं उतरायचं. येताना ती कुठं बसेल, ही गोष्ट माझ्या प्रायश्चित्तात नव्हतीच.

बायकोचा प्रश्न तेव्हा मला कळला. त्या दिवशी शेलूबाजारला मुक्काम केला.

मालेगाव

दुसऱ्या दिवशी मालेगावात शिरल्याबरोबर पहिलं काम केलं ते सायकलचं दुकान शोधायचं. मोटारसायकलींच्या गॅरेजांच्या रांगेत ते एकच उरलं होतं. चाचा म्हणून लोक हाक मारत असलेले पांढऱ्या दाढीचे गृहस्थ पायांत रिम धरून तारा कसत होते.

"चाचा, याला एक कॅरिअर बसवून द्या."

त्यांनी हात पुसले, सायकल दोन बोटांनी उचलून पाहिली, सांगाड्यावर नखानं टिचकी मारली आणि कान लावला.

"लोखंड नाही."

"नाही. कार्बन आहे."

"मंग नाही होत भाऊ. स्क्रू मारला का हड्डी तुटन याची. हे शर्यतीचं घोडं हाय. तुमाले पाह्यजे बैल." मग म्हणाले, "कोनाले बसवाचं हाय?"

मी सांगितलं. एकोणीस वर्षांचंही सांगितलं. का सांगितलं कुणास ठाऊक. मी अनोळखी माणसांना फार लवकर सांगून टाकतो आणि ज्याला सांगायला पाहिजे त्याच्यापुढं माझं तोंड उघडत नाही.

चाचांनी सगळं ऐकून घेतलं आणि माझ्या दुःखावर काहीच भाष्य केलं नाही. "बसा सायकलीवर," म्हणाले. मी बसलो. "बुड दुखते नं?" म्हटलं, फार. "सीटचं नाक वर हाय. मानूस मांगं घसरते, अन् मंग गाद्या घेत फिरते." पाना घेतला, एक आटा सैल केला, सीटचं पुढचं टोक बोटभर खाली दाबलं, आटा कसला. पुण्यात माझ्या शरीराची मापं घेऊन, संगणकावर पाहून ती सीट बसवली होती. मालेगाव सोडल्यावर पाच किलोमीटरांत कळलं की तीन वर्षांचं माझं दुखणं त्या बोटभर उंचीत होतं.

पैसे त्यांनी घेतले नाहीत. म्हणाले, "मुराळ्याकडून घेत नसतो. जा. पन तिले घेऊनच वापस या."

तिथून केनवडपर्यंतचा रस्ता माझ्या आयुष्यातल्या सुखाच्या रस्त्यांपैकी एक. वारा पाठीवर होता. लोक रस्त्याकडेला झेंडूच्या फुलांचे ढीग लावून बसले होते. एका ठिकाणी मळणीयंत्राची धूळ रस्ताभर पसरली होती आणि उन्हात ती सोन्यासारखी दिसत होती. मी तिच्यातून शिंकत शिंकत बाहेर पडलो. भीती वाटत होती आणि आनंदही होत होता, दोन्ही एकदम. लहानपणी सायकल शिकताना असंच वाटायचं. तेव्हा धनजच्या खळ्यावर मी वडिलांच्या सायकलच्या त्रिकोणातून पाय घालून कैची मारायचो आणि बाई मागून कॅरिअर धरून धावायची. "सोडू नको" असं मी ओरडायचो. ती सोडायची नाही. मला आली तेव्हा "आता तुले शिकवतो" असं म्हणालो होतो. तेही राहूनच गेलं.

केनवड

बाई ओट्यावर सुपात तूर पाखडत होती. मी उतरलो, हेल्मेट काढायचं विसरलो.

"कोन पाह्यजे?" तिनं डोळ्यांवर हात धरून विचारलं. मग सूप खाली ठेवलं. "सुध्या? काय घातलं रे डोक्यात, टोपलं? अन् पॅन्ट कुठी गेली तुही?"

"बाई, मी सायकलनं आलो."

"धनजहून? बह्याड झाला का? अवो, आयकलं का," तिनं आत हाक दिली, "भाऊ आला माहा, चड्डीवर!"

भाऊजी बाहेर आले. माझ्याकडे एकदा पाहिलं आणि थेट सायकलकडे गेले. भाऊजी बासष्टचे, सडपातळ, अजून रोज काळ्या सायकलने वावरात जातात. "साळेबुवा, हे कायले हाय?" "गिअर." "अन् हे?" "तोही गिअरच." "इतके कायले लागते? रस्ता तं एकच हाय." पण हात काही त्यांना मागं घेववेना.

आमच्याकडे पाहुण्याला आधी काही विचारत नाहीत, आधी जेवू घालतात. त्या दिवशी भाऊजींनी अंगणातल्या गोवऱ्यांच्या आरावर रोडगे भाजले. कणकेचे जाडजूड गोळे, वरून राख झटकायची, फोडायचे आणि त्यात तूप सोडायचं. सोबत वांग्याची झणझणीत भाजी आणि वरण. पुण्याच्या ग्रुपमध्ये सायकलनंतर आम्ही खजुराच्या वड्या खातो. मी चार रोडगे खाल्ले. साखरेचं नाव काढलं नाही.

दिवे लागायची वेळ झाली. बाई विळीवर मेथी निवडायला बसली. मी समोर बसलो. मालेगावच्या पुढं माझी बोली आपोआप बदलली होती.

"बाई, मी तुले न्याले आलो."

तिनं मान वर केली नाही. "कायनं नेशीन?"

"बसनं जाऊ."

"अन् हे सायकल?"

"ते... मी आलो तिच्यावर."

"म्हंजे तुले याले सायकल, अन् मले न्याले एसटी."

मी खाली पाहिलं. मग म्हणालो. एकोणीस वर्षं तोंडात धरून ठेवलेलं वाक्य अगदी लहान होतं. "बाई, त्या वर्षी मी झोपलो होतो. गर्दीबिर्दी काही नव्हती."

"मले माईत हाय."

"कवापासून?"

"तुहा फोन आला तवापासून. तुहा आवाजच झोपेल मानसाचा होता." तिनं मेथीची जुडी बाजूला ठेवली. "पयले दोन दिवस मले वाटलं, तुले काही झालं. मी ओट्यावर पिशवी घेऊन बसेल. शेवटची गाडी गेली. पानी गोड लागे ना. ह्यायले मालेगावले धाडलं, स्टँडवर इचाराले, का कुठी एसटी उलटली का. मंग फोन आला. तू धडधाकट हाय असं कयलं, तवा मी पयले देवापुढं साखर ठेवली. राग मंग आला."

इतकी वर्षं मी तिचा राग मनात मोजत आलो होतो. त्या रागाआधी साखर होती हे मला ठाऊक नव्हतं.

"राग कवाच गेला," ती म्हणाली. "पन लाज नाही गेली. साऱ्या आळीनं पाह्यलं होतं. मंदा नटून पिशवी घेऊन बसली अन् कोनी आलंच नाही. दुसऱ्या वर्षी मी कोन्या तोंडानं एकटी निघू?" तिनं डोळे पदराला पुसले आणि एकदम ठसक्यात म्हणाली, "येतो मी. पन तुह्या पाठीमांगं बसून. घरून थांब्यावरोक सायकलीवर नेशीन तं येतो. गावातून. भर उजेडी. पाहू दे साऱ्यायले मुराळी आलेला."

"माह्या सायकलीले कॅरिअर नाही बाई."

आतून भाऊजी ओरडले, "माह्या सायकलीले हाय!"

थांब्याकडे

सकाळी काळी सायकल अंगणात उभी राहिली. तिचं वजन माझ्या सायकलच्या तिप्पट तरी असेल. डबलसीट मी तीस वर्षांत चालवली नव्हती. मी माझ्या सीटवरचं जेलचं कव्हर काढलं आणि काळ्या सायकलच्या कॅरिअरवर दोरीनं आवळून बांधलं. बाईनं बसून पाहिलं, दोनदा दाबलं.

"हे तं सोफाच हाय रे."

तिनं नवं लुगडं नेसलं होतं. पिशवी मांडीवर. मी हेल्मेट घालायला लागलो तर म्हणाली, "मले दे थे. पडली मी तं?" आणि डोक्यावरच्या पदरावरून हेल्मेट चढवलं. पट्टा हनुवटीखाली मी लावून दिला.

आम्ही निघालो. पहिली दहा पावलं सायकल सापासारखी चालली. बाईनं माझा सदरा मुठीत धरला होता. मागून भाऊजी माझ्या सायकलवर, पायजम्याला चिमटे लावून, येताजाता गिअरची कटकट वाजवत. आळीतल्या बाया दारात आल्या.

"काव मंदाबाई, कुठी?"

"माहेरी! भाऊ आला न्याले!"

"डोक्यात काय घातलं व?"

"मुरायानं आनलं!"

पुढच्या दारात कुणी काही विचारलं नव्हतं, तरी तिनं तिथंही सांगितलं. पिठाच्या गिरणीपाशी मला हळूच म्हणाली, "जरा धीरं चालव. इथी आमची चुलतजाऊ राह्यते." मी धीमा झालो. चुलतजाऊ घरात होती. बाईनं घंटी वाजवायला लावली. ती बाहेर येईपर्यंत वाजवायला लावली.

थांब्याच्या अलीकडे थोडा चढ आहे. चालताना जाणवतही नाही असा. तिथं माझं बळ सरलं. गिअर शोधायला बोट हँडलवर गेलं, तिथं नुसती गंजलेली घंटी. सायकल डुलायला लागली.

"उतरतो मी," बाई म्हणाली आणि उतरलीसुद्धा. मला वाटलं, संपलं, थांब्यापर्यंत नेणं काही मला जमलं नाही. मी पाय टेकवणार, तेवढ्यात सायकल पुढं सरकली. मागून जोर लागत होता. बाई पिशवी खांद्यावर अडकवून, हेल्मेटसकट, कॅरिअरला दोन्ही हात लावून ढकलत होती.

"मार पायडल! खाली नको पाहू!"

"बाई, सोडू नको!" मी ओरडलो. माझ्या तोंडून ते कसं आलं मलाच कळलं नाही. थांब्यावरची माणसं बघत होती. मागून तिचं धापा टाकत हसणं ऐकू येत होतं आणि त्याच्याही मागून भाऊजींचं, "साळेबुवा, ढकलाले बी बहीनच लागते काय!"

चढ संपला. शेवटची वीस-पंचवीस पावलं ती पुन्हा कॅरिअरवर बसली, कारण थांब्यावर बसूनच पोचायचं होतं.

माझी सायकल एसटीच्या टपावर चढवायचा विचार होता, पण भाऊजींनी ती सोडली नाही. "राहू द्या. भाऊबीज झाली का मी येतो मंदाले घ्याले. हिच्यावरच येतो." मी विचारलं, गादीची चड्डी देऊ का? "थे तुमची तुमी ठेवा," म्हणाले. काळी सायकल त्यांनी गिरणीवाल्याकडे लावली आणि गाडी सुटायच्या आत माझ्या सायकलवर वावराकडे निघूनही गेले.

गाडीत बाईला खिडकी दिली. पिशवी मी मांडीवर घेतली. कंडक्टरनं विचारायच्या आत तिनं त्याला सांगितलं, "भाऊ आला होता न्याले." शेजारच्या बाकावरच्या बाईला सांगितलं. मालेगावच्या स्टँडवर शेंगदाणे विकणाऱ्यालाही सांगितलं. तो म्हणाला, "बरं झालं माय."

तिथून पुढं माझे डोळे मिटायला लागले. दोन दिवसांची सायकल, काळ्या सायकलचा चढ, चार रोडगे. मी दचकून मान वर करायचो, पुन्हा ती खाली यायची. बाईनं कोपरानं ढोसलं.

"झोपला का रे?"

"नाही बाई, नाही. जागा हाओ."

तिनं माझ्या मांडीवरची पिशवी आपल्याकडे ओढून घेतली, हेल्मेट तिच्यावर ठेवलं आणि माझं डोकं आपल्या खांद्याला लावलं.

"झोप," ती म्हणाली. "आता झोपला तं काय होते? मी गाडीतच हाओ."